दुर्गाघाटचे दक्षिणी आणि त्यांचे शेजारी

काशीवर मराठ्यांचे राज्य एक दिवसही नव्हते. काशी आणि प्रयाग आपल्याकडे यावेत म्हणून पेशव्यांनी बोलणी केली, दबाव आणला, निकराच्या आज्ञा धाडल्या. नानासाहेबांनी १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांना लिहिलेल्या पत्रात अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडून ही दोन क्षेत्रे कशी मिळवता येतील याचा विचार आहे. पुढच्या जानेवारीत दत्ताजी बुराडी घाटावर पडले, त्याच्या पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. १७७५ मध्ये अवधच्या नवाबाने बनारसचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि तो विषय कायमचा मिटला.

तरीही राजघाटाच्या पुलाखालून नाव घेऊन प्रवाहाच्या उलट निघाले की ओळीने घाट लागतात ते ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, भोसले घाट, शिंदे घाट, मणिकर्णिका, पुढे अहिल्याबाई घाट आणि मुन्शी घाट. यातला जवळजवळ प्रत्येक घाट कोणा ना कोणा मराठी माणसाच्या पैशाने बांधलेला किंवा नव्याने घडवलेला आहे. मुन्शी घाटावरचा प्रासाद नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला, आणि १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो विकत घेतला. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवणारे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी तर अर्वाचीन बनारस हे बऱ्याच अंशी मराठ्यांनी घडवले, असाच निष्कर्ष काढला.

देणगीदारांची ही नावे मराठी वाचकाला ठाऊक आहेत, आणि ती अभिमानाने सांगितलीही जातात. पण घाटाच्या पायऱ्या चढून गेले की वर गल्ल्या लागतात. त्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे, त्यांचे शेजारी, त्यांची भांडणे आणि त्यांचे सण यांकडे आपण फार कमी पाहिले. मला देणाऱ्यांपेक्षा या राहणाऱ्यांचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

काशीची सर्वांत जुनी वस्ती राजघाटच्या उंचवट्यावर होती. तिथल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे ८०० पर्यंत मागे जाणारे अवशेष मिळाले. आज आपण जिला जुनी काशी म्हणतो तो नदीकाठचा पक्का महाल त्या मानाने अलीकडचा. तो घडला तो बाहेरून आलेल्यांच्या टोल्यांनी, म्हणजे वस्त्यांनी. त्यात मराठी माणसे आली ती सत्तेच्या किती तरी आधी, आणि आली ती पोथ्या घेऊन.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठणचे रामेश्वर भट्ट सहकुटुंब काशीत आले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांचा अधिकार इतका वाढला की पंडितसभेत पहिला मान त्यांच्या घराण्याला मिळू लागला. उद्ध्वस्त झालेले विश्वेश्वराचे देऊळ अकबराच्या काळात, तोडरमलाच्या आश्रयाने पुन्हा उभे राहिले, त्याचे श्रेय परंपरा नारायण भट्टांना देते. तीर्थयात्रेचा विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ त्यांचाच. त्यांचे नातू कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. एकादशी कधी धरायची, श्राद्धाची तिथी कोणती, हे ठरवताना आपल्याकडचे शास्त्री आजही हा ग्रंथ उघडतात. दुसरे नातू नीलकंठ भट्ट यांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयात वारसाहक्काच्या खटल्यांत आधारग्रंथ ठरला. आणि याच घराण्यातले विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला उभे राहिले. गोदावरीकाठच्या एका कुटुंबाने गंगाकाठी बसून दोन शतके महाराष्ट्राच्या घराघरातले धर्मकृत्य आणि वाटण्या ठरवल्या.

पैठणचेच दुसरे थोर पुरुष एकनाथ यांनीही आपले भागवत १५७३ मध्ये काशीत, मणिकर्णिकेच्या तीरावर पूर्ण केले. संस्कृत ग्रंथाचा अर्थ मराठीत उघड करतो म्हणून काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा वारकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एकाच शतकात, एकाच गावचे, एकाच तीर्थात दोन प्रवाह वाहत होते. एक संस्कृतात निर्णय देणारा, दुसरा मराठीत ओवी लिहिणारा.

विश्वेश्वराच्या देवळातला मुक्तिमंडप म्हणजे या साऱ्या पंडितांची सभा. १६५७ मध्ये तिथे कोकणातल्या देवर्षी म्हणजे देवरुखे ब्राह्मणांचा प्रश्न आला. इतर मराठी ब्राह्मण त्यांच्याशी पंक्तिव्यवहार करायला तयार नव्हते. सभेने देवरुख्यांच्या बाजूने निर्णयपत्र दिले, त्यावर सत्तरहून अधिक पंडितांच्या सह्या आहेत. सह्या करणारे निरनिराळ्या प्रांतांतून येऊन काशीत स्थायिक झालेले. कोकणातली पंगत गंगाकाठच्या मंडपात ठरत होती, आणि ठरवणाऱ्यांत कोकणी नसलेलेही पुष्कळ होते. काशीच्या निरनिराळ्या टोल्यांतली माणसे एकत्र कशासाठी येत, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचित सापडेल.

त्याच काळात गोदाकाठचाच एक संन्यासी, कवींद्राचार्य सरस्वती, काशीत राहत होता. त्याच्याजवळ दोन हजारांहून अधिक पोथ्या होत्या. शाहजहानच्या दरबारात जाऊन त्याने काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करून आणला. तेव्हा त्याच्या गौरवार्थ संस्कृतात ‘कवींद्रचंद्रोदय’ आणि देशी भाषेत ‘कवींद्रचंद्रिका’ असे दोन संग्रह झाले. फ्रेंच प्रवासी बर्निए काशीत पंडितांच्या ज्या प्रमुखाला भेटला तो कवींद्राचार्यच, असे अभ्यासक मानतात. एका संन्याशाने शब्दाच्या बळावर मोगल बादशहाकडून जे मिळवले, ते पुढे पेशव्यांना फौजा घेऊनही साधले नाही.

१६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने विश्वेश्वराचे देऊळ पडले. मुक्तिमंडपही गेला. पंचगंगेवरचे बिंदुमाधवाचे विशाल देऊळ, ज्याचे वर्णन तावेर्निए या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवले आहे, तेही गेले आणि तिथे उंच मनोऱ्यांची मशीद उभी राहिली. भट्टांचे घराणे आणि इतर पंडित मात्र शहर सोडून गेले नाहीत. ‘दक्षिणी’ म्हणून ओळखली जाणारी ती वस्ती टिकून होती, म्हणूनच पुढच्या शतकात पुण्याच्या पैशाला उतरायला काशीत घर मिळाले.

तो पैसा आला १७३० नंतर. नारायण दीक्षित पाटणकर हे तपस्वी गृहस्थ १७३४ च्या सुमारास काशीत येऊन राहिले. पेशवे त्यांना गुरुस्थानी मानत. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांची बांधणी आणि त्यांच्यामागची दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या. मुलाच्या फौजा ज्यांच्या मुलखात शिरत होत्या, त्या राजपूत राजांनी आणि मोगल सरदारांनी वाटेत त्यांचा सन्मान केला. पेशव्यांचे काशीतले हस्तक सदाशिव नाईक जोशी बांधकामांवर देखरेख करत. रक्कम सावकारांच्या हुंड्यांनी येई, दगड चुनारच्या खाणींतून नावांनी येई. घाट, त्यावर वाडा, वाड्याला लागून अन्नछत्र आणि त्याच्या आसऱ्याने पाठशाळा, अशी बांधणीची रीत पडली. पुण्याहून किंवा साताऱ्याहून आलेल्या विद्यार्थ्याला चौकात उतरताच मराठी कानावर पडे आणि दुपारी पान मिळे.

या वस्तीला आपल्याच फौजांची धास्ती वाटावी, असा प्रसंग १७४२ मध्ये आला. मल्हारराव होळकरांचा मुक्काम जौनपूरकडे होता. मशीद पाडून विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा बांधण्याचा त्यांचा मनोदय असल्याची बातमी काशीत पोचली, आणि त्या वेळच्या मराठी पत्रांत काशीतल्या ब्राह्मणांची काळजी उतरली. शहर नवाबाच्या हाती, शेजारपाजार मुसलमानांचा, फौज आज आली तरी उद्या निघून जाणार. मागे राहणाऱ्यांचे काय? तो बेत तडीला गेला नाही. पुढे अहिल्याबाई होळकरांनी मशिदीशेजारच्या जागेत नवे विश्वनाथ मंदिर बांधले, तेव्हा १७८० साल उजाडले होते. पत्र लिहिणाऱ्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. मला ती माणसे आपल्या गल्लीची जबाबदारी ओळखणारी वाटतात. छावणीतून शहर पाहणे आणि त्या शहरात मुलेबाळे घेऊन राहणे यातला फरक त्या ओळींमधून आजही जाणवतो.

दुर्गाघाटच्या दक्षिण्यांचे शेजारी तरी कोण होते? चौखंबा आणि ठठेरी बाजारात गुजराती आणि अगरवाल सावकारांच्या हवेल्या, वल्लभ संप्रदायाचे गोपाळ मंदिर. विश्वनाथाजवळ पंजाबातून आलेल्यांचा लाहोरी टोला. ललिता घाटावर लाकडी कोरीवकामाचे नेपाळी देऊळ. ते उभारण्याचा संकल्प १८०० नंतर काही वर्षे काशीत निर्वासित होऊन राहिलेल्या राणा बहादूर शाहांचा. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला बंगाली टोला, जिथे नाटोरच्या राणी भवानींसारख्या जमीनदारिणींच्या दानावर बंगाली विधवांची आणि विद्यार्थ्यांची वस्ती वाढली. त्याही पुढे केदारघाट आणि हनुमानघाटाकडे तमिळ, तेलुगू, कन्नड घरे. केदारघाटावर सतराव्या शतकात कुमरगुरुपरर या तमिळ साधूने स्थापन केलेला मठ आहे. हनुमानघाटावरच आपल्या आत्याच्या घरी किशोरवयीन सुब्रह्मण्य भारती १८९८ पासून काही वर्षे शिकायला होता. तमिळचा पुढचा महाकवी या गल्ल्यांत संस्कृत आणि हिंदी शिकला.

बंगाली टोल्याला खेटूनच मदनपुरा आहे. विणकरांचा मोहल्ला. उत्तरेकडे अलईपुरा हा त्यांचाच दुसरा मोठा टोला. या घरांत खाली माग आणि वर संसार. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला अन्सारी कारागीर रेशमावर जर चढवतो. जॅकार्ड यंत्र येण्याआधी नक्षबंद कारागीर दोऱ्यांच्या जाळ्यात आधी आकृती बांधून देत आणि तीच आकृती मागावर उतरे. विणकरांच्या पंचायती मोहल्ल्यांच्या संख्येवरून ‘बाईसी’, ‘बावनी’ अशा ओळखल्या जातात आणि त्यांचे सरदार आपसातले तंटे मिटवतात. अगहन महिन्यातल्या एका शुक्रवारी सारे माग थांबतात आणि विणकर एकत्र नमाजाला जमतात. मुसलमान कारागिरांची ही सामुदायिक प्रार्थना हिंदू पंचांगातल्या महिन्याने ओळखली जाते.

मराठी लग्नघरात वधूच्या अंगावर जो शालू येतो, तो यांच्या हातचा. देवळाच्या जीर्णोद्धाराला पुण्याचे पैसे आले, हे आपण इतिहासात वाचतो. मदनपुऱ्याच्या मागावरून महाराष्ट्रातल्या बोहल्यापर्यंत जे येत राहिले त्याची बखर कोणी लिहिली नाही. काशीचे आणि आपले नाते सांगताना माझ्या मते दोन्हींची नोंद शेजारी शेजारी व्हायला हवी.

प्रत्येक मोहल्ल्याला फाटक असे. रात्री ते बंद होई, चौकीदार राहणारेच नेमत आणि त्याचा पगार तेच देत. फाटकाने माणसे वेगळी ठेवली हे खरे, पण त्याच फाटकांमुळे मोहल्ल्याला एकमुखाने बोलण्याची सवय लागली. १८०९ मध्ये लाटभैरव या स्तंभाच्या जागेवरून शहरात हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, डिसेंबर १८१० मध्ये, कंपनी सरकारने घरपट्टी लावली आणि तेच शहर एकत्र उठले. दुकाने बंद झाली. लोक घरे सोडून शहराबाहेरच्या मैदानात जाऊन बसले. जमलेल्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेल्याचे खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले. जातींच्या पंचायतींनी आपापल्या लोकांना शपथा घातल्या, घरटी एक माणूस धरण्यावर पाठवायचा असे ठरले. लोहारांनी गावोगाव निरोप धाडले, नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या. अंत्यविधी करणारे मिळेनात म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडावी लागली. काशीसारख्या ठिकाणी याहून कठोर गोष्ट नाही. जमाव शस्त्राविना होता, म्हणून सरकारला गोळी घालता येईना. अखेर पट्टी मागे घ्यावी लागली. गांधीजींच्या सत्याग्रहाआधी शंभर वर्षे हे घडले, आणि इतिहासकार धरमपाल यांनी कंपनीची कागदपत्रे छापेपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

१८२० नंतरचे दशक काशीत जेम्स प्रिन्सेप या टांकसाळीतल्या तरुण इंग्रजाचे. त्याने शहराचा नकाशा काढला, मोहल्लेवार शिरगणती केली आणि लोकसंख्या १,८०,००० च्या आसपास असल्याचे दाखवले. त्याआधीचे काही लाखांचे अंदाज किती फुगवलेले होते ते तेव्हा कळले. पंचगंगेच्या मशिदीचे कललेले मनोरे त्यानेच सावरले. कर्मनाशा नदीवरचा पूलही त्याचा. काशीहून गयेला जाताना ही नदी आडवी येते. तिच्या पाण्याचा नुसता स्पर्श झाला तरी केलेले सारे पुण्य नाहीसे होते, अशी समजूत. यात्रेकरू पैसे देऊन दुसऱ्याच्या खांद्यावर बसून पलीकडे जात. या लोकांसाठी तिथे पूल बांधावा असे पहिल्यांदा मनावर घेतले ते नाना फडणविसांनी. पुण्यात बसलेल्या कारभाऱ्याने बिहारच्या सीमेवरच्या नदीत पाया घालायला घेतला, पण काम अर्धवट राहिले. ते १८३१ च्या सुमारास पुरे झाले ते बनारसच्या राय पटनीमल यांच्या पैशाने आणि प्रिन्सेपच्या आराखड्याने. आरंभ मराठी, पैसा बनारसी, आखणी इंग्रजी. पुलावरून नदी ओलांडणाऱ्या यात्रेकरूला यातले काहीच ठाऊक नसणार.

पेशवाई बुडाल्यावर दक्षिणी मोहल्ल्यांत वेगळी माणसे आली. आधी अमृतराव पेशवे होतेच. राजाघाट या नावाने ओळखला जाणारा दक्षिणेकडचा घाट आणि गणेश घाटावरचे देऊळ त्यांच्याशी निगडित आहेत. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. १८२८ च्या सुमारास भदैनी भागात त्यांना मुलगी झाली, तिचे नाव मणिकर्णिका ठेवले. झाशीची राणी ही काशीच्या निर्वासित मराठी मोहल्ल्याची लेक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीवर दगडी मंडप बांधला आणि पुढे मणिकर्णिकेशेजारी इतका भव्य घाट घातला की तो आपल्याच भाराने खचला.

राजे गेले, दक्षिणा आटल्या, पाठशाळा मात्र चालू राहिल्या. १७९१ मध्ये निघालेल्या संस्कृत कॉलेजात पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री ज्योतिष आणि गणित शिकवू लागले. त्यांनी भारतीय सिद्धांताला युरोपीय गणिताची जोड दिली आणि हिंदीत बीजगणितावर पुस्तक लिहिले. दुसऱ्या टोकाला, छत्रातल्या जेवणावर आणि दक्षिणेवर आयुष्य काढणारा वर्गही वाढला होता. चौखंब्याच्या अगरवाल घराण्यातले भारतेंदु हरिश्चंद्र यांनी तो जवळून पाहिला. त्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘प्रेमजोगिनी’ नाटकात बुभुक्षित दीक्षितांच्या बैठकीचा एक प्रवेश आहे आणि त्यातली पात्रे मराठीत बोलतात. आमंत्रणे कुठे आहेत, भोजन कसले आहे, याचीच चर्चा. आधुनिक हिंदीच्या प्रवर्तकाने आपल्या नाटकात मराठी संवाद लिहिले, कारण त्याच्या घरापासून काही गल्ल्यांवर ती भाषा रोज ऐकू येत होती. चित्र बोचरे आहे. पण इतके बोचरे शेजारीच लिहू शकतो, आणि त्याने ते त्यांच्याच भाषेत लिहिले.

पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात पुढच्या शतकात बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून सनईचा रियाज करत. दालमंडीजवळच्या हडहा सरायमधून निघून ते रोज देवळात येत. याच गल्ल्यांत १८८३ मध्ये एका मराठी घरात बाबूराव विष्णु पराडकर जन्मले. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर त्यांचे मामा, म्हणजे बंगालीत लिहिणारा एक मराठी माणूस घरातच होता. पराडकरांनी हिंदी निवडली. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी ‘आज’ हे दैनिक काढले, आणि पराडकर त्याचे संपादक म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठी आणि बंगालीची सवय असलेल्या या माणसाने हिंदी वृत्तपत्रांना नवे शब्द दिले. नावाआधी ‘श्री’ लावण्याची रीत रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांवर बंधने आणली तेव्हा ‘आज’ बंद ठेवून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ‘रणभेरी’ नावाचे गुप्त पत्र काढले. ते गल्लीगल्लीतून हातोहात फिरे. छापण्याच्या जागा बदलत राहत, पोलीस शोध घेत राहत. काशीच्या मोहल्ल्यांना फाटके बंद करून एकाच गोष्टीसाठी एकत्र उभे राहण्याची जुनी सवय होती, आणि या वेळी त्यांच्यासाठी हिंदीत मजकूर लिहिणारा मराठी घरातला होता.